जागा भरणे आहे

चौथ्यांदा जाहिरात दिली. मजकूर तोच:
पाहिजेत भूलतज्ज्ञ, पूर्णवेळ, कायम.
पहिल्या खेपेला दोन अर्ज, दोघेही डब्लिनने पळवले.
दुसऱ्या खेपेला एक बाई समुद्र बघून गेल्या.
तिसऱ्या खेपेला नुसतंच एका एजन्सीचं पत्र,
त्यात एका दिवसाचा दर असा
की आमच्या हिशेबनिसांनी खुर्ची मागे सरकवली.

जागा एक, रिकामी.
आणि रात्री जागा माणूसही एकच:
डॉक्टर कॉनलेथ टिमन्स, वय चौसष्ट, एक रात्र आड.
पहाटे कँटीनमध्ये
टोस्ट हातात धरून झोपलेले मी पाहिलेत त्यांना.
ते रजेवर गेले की गुरुवारची यादी रद्द,
आणि फोन करायचे मी.
मिसेस गिल्डी, तुमचा खुबा आता पुढच्या महिन्यात.
मिसेस गिल्डी म्हणतात, असू दे गं,
मी कुठे पळून जातेय.

चौथ्या खेपेला एकच अर्ज.
डॉक्टर मुझम्मिल अब्देलमाजिद. शिक्षण खार्तूम.
अकरा वर्षं लिमरिकमध्ये,
दर जुलैत नवा करार, नवं कपाट.

मुलाखत पाऊण तास चालली, मी टिपणं घेत होते.
मग साहेब माझ्याकडे वळले:
अट्रॅक्टा, यांना जरा गाव दाखवून आण.
याचा अर्थ मला कळतो.
ते आमच्या लोकांना भूल देतील,
त्याआधी आम्ही त्यांना भूल पाडायची.

शाळा दाखवली, पटावर एकोणसाठ मुलं.
भाड्याचं घर दाखवलं,
ओल आलेल्या भिंतीपुढे मी स्वतःच उभी राहिले.
मशीद दीड तासावर, म्हणाले. (दोन लागतात.)
वाऱ्याने गाडीचं दार हातातून हिसकावलं,
एरवी असा नसतो हो, म्हणाले.
ते हसले. लिमरिकमध्येही असंच सांगतात.

मग म्हणाले, आता भूल देतात ती खोली.

खोलीत कुणी नव्हतं.
त्यांनी बूट काढले, जोडीने भिंतीशी ठेवले,
कोट माझ्या हातात दिला
आणि ट्रॉलीवर आडवे झाले. उताणे. हात पोटावर.
दमले असतील, मला वाटलं.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
ते वर काय आहे?

छताच्या टाइलवर पाण्याचा डाग.
गाढवाचं डोकं, मी म्हणाले, एक कान मोडलेला.
आणि जीभ चावली.

सात वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली
तेव्हा मी इथेच झोपले होते, त्या गाढवाखाली.
टिमन्स माझा हात धरून गवताच्या भावाबद्दल बोलत होते,
आणि माझ्या मनात आलं होतं,
हेच शेवटचं दिसलं तर?
कुणाला बोलले नव्हते. नवऱ्यालाही नाही.

ते अजून वरच बघत होते.
ही बदलून घ्या, म्हणाले.
अट घालावी तसं नाही,
दाराशी चप्पल वाकडी पडलीय असं सांगावं तसं.
पगाराबद्दल चकार शब्द नाही.
उतरले, बूट घातले, नाडी बांधायला वेळ घेतला.

त्यांचा होकार अजून आलेला नाही.
मुलीची परीक्षा आहे, बायको इथे यायची आहे,
आमचे कागद डब्लिनमध्ये तिसऱ्या सहीपाशी पेंड खातायत.
टिमन्सनी निवृत्तीची तारीख
कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलीय.

टाइल मात्र शुक्रवारी बसली.
डेक्लन शिडी खांद्यावर घेऊन आला,
मागणीपत्रात कारणाच्या रकान्यात काय लिहू, म्हणाला.
मी सांगितलं, गळती.
जुनी टाइल फेकू का?
राहू दे, म्हणाले.
माझ्या कपाटामागे आहे ती, भिंतीकडे तोंड करून.

या गुरुवारी यादी आहे. पहिलं नाव गिल्डी.
शुद्धीवर आल्या की विचारणार आहे,
झोपताना वर काय दिसलं.
काही नाही म्हणाल्या, तर बरं.